एकांताचे बेट आणि दवाखान्याचे अंतर

नकाशावर कोरेगावावर बोट ठेवा आणि ते सरळ खाली सरकवत न्या. कोल्हापूर लागेल, गोव्याची पूर्व हद्द लागेल, कारवारच्या आसपास जमीन संपेल. पुढे नुसता अरबी समुद्र. बोट किंचित डावीकडे झुकवत तसेच खाली नेले की विषुववृत्ताच्या अलीकडे ठिपक्यांची एक माळ भेटते. हा मालदीव. कोरेगावापासून त्याची राजधानी माले हवाई अंतराने सुमारे दीड हजार किलोमीटर, म्हणजे दिल्लीपेक्षा थोडीच लांब. मुंबईहून विमान तीन तासांच्या आसपास तिथे उतरते. लग्नानंतरची सहल असो की आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, सातारा-सांगलीकडची कुटुंबेही आता या बेटांचा विचार करू लागली आहेत.

मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे आहेत. त्यातल्या जेमतेम दोनशे बेटांवर स्थानिक लोकवस्ती आहे. उरलेल्या ओसाड बेटांपैकी एकेक बेट एकेका रिसॉर्टला द्यायचे, अशी तिथली रीत. १९७२ मध्ये मालेजवळच्या विहामनाफुशी या निर्जन बेटावर ‘कुरुंबा’ हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले, तेव्हापासून ती चालत आली. आपल्या लक्षद्वीपमधले बंगाराम हेही याच प्रकारचे, कायमची वस्ती नसलेले आणि पर्यटकांसाठी राखलेले बेट. शेजार नाही, रस्ता नाही, हॉर्न नाही. पर्यटक पैसे मोजतो ते या एकांतासाठी.

पण एकांत उलट बाजूने पाहिला की ते अंतर असते. शेजार लांब, तसा दवाखानाही लांब. औषधाचे दुकान, रक्तपेढी, हृदयरोगतज्ज्ञ, सगळेच समुद्रापलीकडे. बेटावर जाऊ नये, असे यातून मुळीच निघत नाही. मात्र गावात जी काळजी आजारी पडल्यावर घेतली तरी चालते, ती बेटाच्या बाबतीत निघण्याआधी घ्यावी लागते. त्यासाठी हे बेट मुळात कशाचे बनले आहे आणि आपले शरीर तिथे कसे वागते, हे समजून घेऊ.

आपल्याच कातळाचे भावंड

कोरेगावची जमीन आणि मालदीव यांचे नाते भूगर्भशास्त्रज्ञांना चांगले ठाऊक आहे. जरंडेश्वराचा डोंगर ज्या काळ्या कातळाचा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांतून तयार झाला. पृथ्वीच्या पोटातला हा तप्त स्रोत साधारण एका जागी राहिला आणि भारताचा भूखंड त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला. त्यामुळे पुढचा लाव्हा दक्षिणेला, समुद्रतळावर ओतला गेला. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही बेटे ज्या डोंगररांगेवर उभी आहेत, ती अशी तयार झाली. तोच स्रोत आज मादागास्करजवळच्या रियुनियन बेटाखाली धगधगतो आहे.

समुद्रातला तो कातळ हळूहळू खचत गेला. त्याच्या कडेने वाढणारे प्रवाळ मात्र उजेडासाठी वरवर चढत राहिले. खाली कातळ बुडाला, वर प्रवाळाची गोल कडी उरली. चार्ल्स डार्विनने १८४२ च्या आपल्या पुस्तकात या कंकणाकृती बेटांचे हेच स्पष्टीकरण दिले होते. अशा कड्याला इंग्रजीत ‘अ‍ॅटॉल’ म्हणतात, आणि हा शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतूनच तिकडे गेला आहे. आज तिथे कातळावर सुमारे दोन किलोमीटर जाडीचा प्रवाळी चुनखडक साचलेला आहे. पांढरीशुभ्र वाळू म्हणजे त्याच प्रवाळाचा चुरा. त्यातला बराचसा पोपटमाशांच्या पोटातून येतो. हे मासे प्रवाळ कुरतडतात, त्यावरचे शेवाळ पचवतात आणि उरलेला चुना वाळू करून बाहेर टाकतात.

या जन्मकथेचा आपल्या तब्येतीशी थेट संबंध आहे. चुऱ्याच्या या सपाट ढिगावर डोंगर नाही, नदी नाही, धरण नाही. मालदीवच्या बहुतेक जमिनीची उंची समुद्रापासून दीड-दोन मीटरच आहे. सावली, पाणी, मदत यांपैकी बेट स्वतःहून फार थोडे देते. बाकी सगळे माणसाने आणलेले असते.

गोड्या पाण्याची तरंगती वाटी

पाण्याची किंमत कोरेगावकरांना वेगळी सांगायला नको. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचे पहिले वर्ष २०१६. त्यासाठी राज्यातून तीनच तालुके निवडले होते आणि त्यात कोरेगाव होता. पहिले बक्षीस तालुक्यातल्याच वेळू गावाने मिळवले. पाणी अडवायचे, जमिनीत मुरवायचे आणि कातळाच्या भेगांत साठवायचे, हे तिथले गणित.

प्रवाळी बेटावर हे गणित वेगळे आहे. पाऊस वाळूत मुरतो खरा, पण खाली कातळाऐवजी समुद्राचे खारे पाणी असते. गोडे पाणी हलके, खारे जड. त्यामुळे मुरलेले गोडे पाणी खाऱ्यावर भिंगासारखे तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी, असा याचा ढोबळ नियम. मालदीवच्या चिमुकल्या बेटांवर ही पातळी वर काही सेंटिमीटर असते, म्हणून भिंगही पातळच. उपसा जास्त झाला की खालून खारे पाणी वर येते. २००४ च्या त्सुनामीत लाटा बेटांवरून गेल्या आणि अनेक बेटांच्या विहिरी खाऱ्या झाल्या. शिवाय पाणी इतके वर असते की शेजारच्या शौचखड्ड्याची घाण त्यात सहज मिसळते.

म्हणून रिसॉर्टवर नळाला येणारे पाणी बहुधा समुद्राचे असते, यंत्राने गोडे केलेले. हे यंत्र बंद पडले तर काय होते, ते ४ डिसेंबर २०१४ रोजी दिसले. मालेतल्या पाणी शुद्धीकरण केंद्राला आग लागली आणि लाखभर लोकांच्या घरातले पिण्याचे पाणी तुटले. भारताने हवाई दलाची विमाने आणि नौदलाची जहाजे पाठवून पाणी पुरवले. आपल्याकडे गावाला टँकर येतो, तसा त्या राजधानीला विमानाने टँकर गेला.

लक्षद्वीपमध्ये कवरत्ती बेटावर चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये वेगळी युक्ती वापरली. समुद्राचे वरचे पाणी २८ अंशांच्या आसपास गरम असते, तर साडेतीनशे मीटर खालचे १२-१३ अंश. हवेचा दाब कमी केलेल्या टाकीत वरचे पाणी सोडले की त्याची वाफ होते. खालचे गार पाणी वापरून ती वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते. दिवसाला एक लाख लिटरचा हा प्रकल्प.

पर्यटकाने यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. रिसॉर्टचे शुद्ध केलेले पाणी पिण्यास योग्य आहे का, ते पोहोचताच विचारावे. वस्तीच्या बेटावर घरगुती निवासात राहणार असाल तर विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरू नये आणि दात घासायलाही बाटलीचेच घ्यावे.

डिसेंबरातले फेब्रुवारीचे ऊन

माले विषुववृत्तापासून साधारण चार अंश उत्तरेला आहे, कोरेगाव पावणेअठरा अंशांवर. फरक नकाशावर छोटा वाटतो, उन्हात तो मोठा पडतो. डिसेंबरच्या अखेरीस कोरेगावात दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंश वर असतो. मालेत तेव्हा तो ६२ अंशांवर असतो. इतका उंच सूर्य कोरेगावात दिसायला फेब्रुवारीचा तिसरा-चौथा आठवडा उजाडतो. आणि फेब्रुवारीत तुम्ही तिथे असाल तर डोक्यावर आपल्या मार्चअखेरचा सूर्य असेल. सूर्य जितका डोक्यावर, तितका हवेतला त्याचा मार्ग छोटा आणि तितके अतिनील किरण जास्त. उष्ण कटिबंधात वरचा ओझोनचा थरही तुलनेने पातळ असतो. थंडीच्या दिवसांत घरून निघालेली त्वचा या उन्हाला तयार नसते.

त्यात परावर्तनाची भर. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. अर्धा मीटर पाण्याखालीही ते पृष्ठभागाच्या ४० टक्के असतात. म्हणजे छत्रीखाली बसलेल्याला खालून ऊन लागते आणि पाण्यात पालथा तरंगणाऱ्याची पाठ भाजते. वारा आणि पाणी यांमुळे त्वचा गार राहते, म्हणून भाजत असताना कळत नाही. संध्याकाळी शर्ट घालताना कळते.

आपली त्वचा सावळी आहे, आपल्याला काय होते, असे अनेकांना वाटते. सावळेपणाचे संरक्षण खरे आहे, पण मर्यादित आहे. सावळी त्वचाही भाजते, तिच्यावर डाग पडतात. डोळ्यांना तर ते संरक्षणही नाही. सोपी खूण सांगायची तर आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा उघड्यावर कमीत कमी राहावे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा, रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल यांचा उपयोग कोणत्याही क्रीमपेक्षा खात्रीचा. क्रीम एसपीएफ ३० किंवा अधिकचे घ्यावे, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. काही क्रीममधले ऑक्सिबेन्झोन प्रवाळांना घातक ठरू शकते, म्हणून पलाऊ आणि हवाईने तशा क्रीमवर बंदी घातली आहे. डबीवरचे घटक वाचून निवडता येते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. काही नेहमीच्या औषधांमुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक त्यातले एक. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत असणारे हायड्रोक्लोरोथायझाइड हे दुसरे. गोळी मनाने बंद करायची नाही. फक्त निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचे आणि अंग जास्त झाकायचे.

माठ न चालणारी हवा

एप्रिलमध्ये कोरेगावात पारा चाळिशीकडे जातो आणि माठातले पाणी गार राहते. मालदीवचे तापमान वर्षभर साधारण २६ ते ३१ अंशांत फिरते, तरी तिथे माठ तसा गार होणार नाही. माठ झिरपतो, झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. हवेत आधीच वाफ गच्च असेल तर हे काम मंदावते.

आपले शरीरही याच युक्तीवर चालते. कोरड्या हवेत घाम उडून जातो. दमट हवेत तो अंगावर ओघळतो, पण अंग थंड होत नाही. हृदय त्वचेकडे जास्त रक्त पाठवत राहते, पाणी आणि मीठ निघून जाते. दिवसभर समुद्रात डुंबणाऱ्याला तहान कमी जाणवते आणि लघवी जास्त होते, त्यामुळे पाणी आणखी घटते. थंड बिअरने ही तूट भरून निघत नाही, मद्यामुळे लघवी वाढतेच. लघवी गडद पिवळी दिसली, डोके जड झाले, पायात गोळे आले तर सावलीत बसून जलसंजीवनी घ्यावी. तिची पाकिटे घरूनच न्यावीत. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी पाणी आणि मीठ किती घ्यायचे, ते आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पहिले दोन दिवस दुपारची धावपळ टाळली तर शरीर हळूहळू सरावते.

विहिरीतला पोहणारा, समुद्रातला पाहुणा

आपल्या भागात पोहणे शिकले जाते ते विहिरीत, पाठीला डबा बांधून. हे पोहणे पक्के असते, पण त्याची सवय वेगळी. विहिरीला चारी बाजूंनी काठ असतो आणि पाणी जागचे हलत नाही. बेटाभोवतीचा उथळ निळा पट्टा म्हणजे लगून, दिसायला विहिरीपेक्षा शांत. पण लगूनभोवतीच्या प्रवाळभिंतीला जागोजागी वाटा असतात आणि भरती-ओहोटीचे सगळे पाणी त्यांतून आत-बाहेर करते. अशा वाटेजवळ पृष्ठभागावर लाट दिसत नाही, आतला ओढा मात्र तरबेज माणसालाही भिंतीपलीकडे नेऊ शकतो. ओढ्यात सापडलो तर त्याच्या विरुद्ध झगडायचे नाही. तरंगत राहायचे, हात वर करून मदत मागायची आणि ओढा आडवा कापत बाजूला सरकायचे.

मालदीवमध्ये पर्यटकांच्या जिवावर बेतते ते बहुतेक वेळा शार्कमुळे नाही. स्नॉर्केलिंग करताना बुडणे आणि हृदयविकार ही तिथली मोठी कारणे आहेत, आणि ही दोन्ही अनेकदा एकमेकांत गुंतलेली असतात. गळ्यापर्यंत पाण्यात उतरल्यावर पाण्याचा दाब पायांतले आणि पोटातले अर्ध्या लिटरहून जास्त रक्त छातीकडे ढकलतो. निरोगी हृदय ते सहन करते. रक्तदाब वाढलेला असेल, हृदय थकलेले असेल तर भार वाढतो. त्यातच तोंडातल्या नळीतून श्वास ओढायला जास्त जोर लागतो. हवाई बेटांवरच्या अशा मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी एक शक्यता मांडली आहे. नळीतून जोराने श्वास ओढताना काहींच्या फुप्फुसांत वेगाने पाणी भरत असावे. हे खूप खोल पाण्यात घडते असे नाही, आणि माणूस हातपाय न झाडता गप्प होतो. काठावरच्यांना तो मासे पाहतो आहे, असेच वाटते.

म्हणून स्नॉर्केलिंगचे चार साधे नियम. एकटे जायचे नाही, जोडीदाराने एकमेकांकडे सतत पाहायचे. पहिल्यांदा पाय टेकतील इतक्याच पाण्यात सराव करायचा. तरंगायला मदत करणारे जाकीट घालायचे, त्यात कमीपणा नाही. आणि दम लागल्यासारखे वाटले की नळी-मास्क काढून उभे राहायचे किंवा पाठीवर उताणे व्हायचे. पोहता न येणाऱ्याने नळी लावून पोहणे शिकू नये.

कोणी बुडाले तर आपल्याकडे पोट दाबून पाणी काढायची रीत आहे. ती सोडून द्यावी. श्वास थांबला असेल तर त्या माणसाला हवा हवी असते. त्याला उताणे झोपवून आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छाती दाबणे सुरू करावे आणि मदत येईपर्यंत दोन्ही आळीपाळीने चालू ठेवावे. हे हातांनी करून शिकण्याचे काम आहे. एका दुपारचे प्रशिक्षण आयुष्यभर पुरते, आणि ते गावच्या तळ्यावरही उपयोगी पडते.

पाण्यातून वर, आणि मग घाटावर

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जाणे. दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळत जातो. हळू वर आलो तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आलो तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, चक्कर येते, क्वचित पाय लुळे पडतात. उपचार एकच, दाब वाढवता येणाऱ्या बंद कक्षात रुग्णाला ठेवून प्राणवायू देणे. मालदीवमध्ये मालेजवळच्या बंदोस बेटावर असा कक्ष आहे. मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगला तिथल्या नियमांनी ३० मीटरची मर्यादा घातली आहे.

पाण्यातून सुखरूप वर आल्यावरही थोडा नायट्रोजन शरीरात उरतो. विमानाच्या केबिनमधला दाब २४०० मीटर उंचीच्या डोंगराइतका कमी असू शकतो, तेव्हा उरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एकदाच डायव्हिंग केले असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास, आणि अनेकदा किंवा अनेक दिवस केले असेल तर किमान १८ तास थांबावे, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. अनेक प्रशिक्षक सरळ २४ तास मोजायला सांगतात. बेटावरून मालेला नेणारे सी-प्लेन हेही विमानच.

ही गोष्ट मालदीवला न जाणाऱ्यांनाही लागू आहे. तारकर्ली-मालवणला डायव्हिंग करून त्याच संध्याकाळी गाडीने परतणारा कोरेगावकर घाट चढतो. गगनबावड्याचा किंवा आंबोलीचा माथा समुद्रापासून सहाशे मीटरांहून उंच आहे, कोरेगावही तितकेच उंच. डायव्हिंगनंतर थांबण्याची जी शिफारस आहे, ती सहाशे मीटरपासूनच्या उंचीसाठी केलेली आहे. उथळ पाण्यात काही मिनिटांची पहिली डुबकी असेल तर धोका कमी. पण दिवसभरात दोन-तीनदा खोल उतरला असाल तर रात्र किनाऱ्यावर काढून सकाळी निघावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाच्या पर्यटकांची बोट बुडून दोघांचा मृत्यू झाला होता. डायव्हिंगची बोट असो की रिसॉर्टची, बसल्या जागी जाकीट अंगात हवे, सीटखाली नको.

सर्दी, नाक चोंदणे, कानाचा त्रास, दमा, फिट्स, हृदयविकार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नये. गरोदर स्त्रियांनी स्कूबा करूच नये.

डंख आणि डास

जेलीफिशचा डंख लागला तर जागा वाळूने घासू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्या पाण्याने धुवावी आणि चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत. दगडमासा, सिंहमासा किंवा पाकटाचा काटा घुसला तर जखम सोसवेल इतक्या, ४५ अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवावी, उष्णतेने वेदना कमी होतात. मग डॉक्टरांना दाखवावे. उथळ पाण्यात रबरी जोडे घालावेत. सुंदर नक्षीचा शंकूसारखा शंख जिवंत असेल तर त्याचा डंख प्राणघातक ठरू शकतो, म्हणून शंख उचलूच नये. प्रवाळाने खरचटले तर जखम लगेच साबण-पाण्याने स्वच्छ करावी, ती चिघळते.

मालदीवमध्ये डेंगी आहे. नदी-नाले नसले तरी डासाला नारळाची करवंटी किंवा पानात साचलेले पाणीही पुरते. हा डास दिवसा चावतो. डास पळवणारे मलम न्यावे. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यावे, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. घरी परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती आठवणीने द्यावी.

अंतर मोजून निघा

समजा, रात्री अकरा वाजता कोरेगावात एखाद्या काकांच्या छातीत दुखू लागले. १०८ ला फोन जातो, साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय वीसेक किलोमीटरवर. तेच बेटावर घडले तर? रिसॉर्टवर परिचारिका असेल, काही ठिकाणी डॉक्टर असेल. पण सी-प्लेन फक्त उजेडात उडते. मालेच्या जवळच्या बेटावरून रात्रीही स्पीडबोट निघू शकते. लांबच्या बेटावरून आधी बोटीने जवळची धावपट्टी किंवा प्रादेशिक रुग्णालय गाठायचे आणि मग पुढे, असे टप्पे पडतात. भारताच्या मदतीने उभारलेले इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय १९९५ पासून मालेत आहे, पण तिथे पोहोचेपर्यंतचे तास हृदयाच्या स्नायूला परवडणारे नसतात.

त्यामुळे बेट निवडताना समुद्र किती निळा, यासोबत माले किती लांब, हेही पाहावे. ज्येष्ठांना, हृदयरुग्णांना, तान्ह्या बाळाला घेऊन जाणार असाल तर स्पीडबोटीच्या टप्प्यातले बेट घ्यावे. एकांत तिथेही मिळतो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, चालताना छातीत भरून येत असेल, साखर ताळ्यावर नसेल तर सहल पुढे ढकलावी. बेट तिथेच राहणार आहे.

मधुमेहींसाठी एक गंमतीची पण महत्त्वाची बाब. मालदीवचे घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे आहे. पण पाहुण्यांना उजेड जास्त मिळावा म्हणून अनेक रिसॉर्ट आपले घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, म्हणजे भारताच्या अर्धा तास पुढे. गोळ्या आणि इन्सुलिन यांच्या वेळेसाठी एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावे. इन्सुलिन हातातल्या पिशवीत न्यावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते, आणि सामान चुकले तर बेटावर दुकान नाही.

*निघण्यापूर्वीची यादी*

• रिसॉर्टला विचारा: बेटावर डॉक्टर पूर्णवेळ आहे का, प्राणवायू आणि हृदयाला झटका देणारे यंत्र (एईडी) आहे का, रात्री रुग्णाला कुठे आणि कसे नेतात, त्याला किती तास लागतात.

• नेहमीची औषधे मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या, तीव्र वेदनेच्या आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवर मालदीवमध्ये निर्बंध आहेत, त्यांची आधी चौकशी करा.

• जलसंजीवनी, पॅरासिटामॉल, जुलाब-उलटीचे औषध, जंतुनाशक, पट्ट्या, बारीक चिमटा, चष्म्याची दुसरी जोडी.

• प्रवास विम्यात स्नॉर्केलिंग, डायव्हिंग आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे छापील अटींत वाचा. जुने आजार लपवू नका, नाहीतर ऐनवेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

• रक्तगट, ॲलर्जी, आजार आणि औषधे यांची एक कागदी चिठ्ठी प्रत्येकाच्या पाकिटात. फोन भिजतो, कागद प्लास्टिकमध्ये टिकतो.

• पन्नाशी ओलांडलेल्यांनी किंवा रक्तदाब-मधुमेह असणाऱ्यांनी महिनाभर आधी तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना ‘समुद्रात पोहणार आहे’ असे स्पष्ट सांगा.

या यादीतले प्रत्येक काम कोरेगावात बसून होते, बहुतेकांना फोन आणि एक दुपार पुरते. बेटावर पोहोचल्यावर मात्र यातले फार थोडे करता येते. रिसॉर्टला पहिला फोन कराल तेव्हा खोलीतून समुद्र दिसतो का, हे जरूर विचारा. त्याच फोनवर हेही विचारा: रात्री कोणाला बरे वाटेनासे झाले, तर डॉक्टर किती लांब?